संगीत विभागात सामूहिक नेतृत्व: कामं नंतर वाटा, आधी निर्णय वाटा

विद्यापीठांच्या संगीत विभागांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलायचा असतो. नवे विभागप्रमुख पहिल्याच बैठकीत मनापासून सांगतात, "आपण सगळे मिळून करू." पाच समित्या होतात, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक येते. गणपती झाले की बैठका थांबतात. पुढे अभ्यासक्रम तपासणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीची तारीख येते आणि विभागप्रमुख दोन रात्री जागून सगळा मसुदा एकट्याने लिहून काढतात. जूनमध्ये तो वर्गात आला की निम्मे शिक्षक म्हणतात, "आम्हाला कुणी विचारलंच नाही."

यात कुणाची नियत वाईट नसते, क्रम चुकलेला असतो. कामं वाटली जातात, पण ती करताना लागणारे निर्णय कुणी घ्यायचे हे ठरतच नाही. मग प्रत्येक समिती प्रत्येक गोष्ट विभागप्रमुखांना विचारायला जाते, आणि चार महिन्यांत विचारणारेही थकतात, सांगणारेही.

मी अशा दोन फेऱ्यांतून गेले आहे. पहिली पूर्ण फसली, दुसरी बरीचशी जमली. खालचा क्रम दुसऱ्या फेरीचा आहे. चार-सहा कायम शिक्षक, काही तासिका तत्त्वावरचे, दोन-तीन साथीदार आणि एक लिपिक असा विभाग डोळ्यांपुढे ठेवला आहे. महाराष्ट्रातले बहुतेक संगीत विभाग याच मापाचे असतात.

## सुरुवात करण्याआधी: चार कागद

पहिली बैठक बोलावण्याआधी हे चार कागद तयार हवेत. ते नसतील तर बैठक केवळ मतांवर चालते, आणि मतांच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं.

पहिला कागद: खरं वेळापत्रक. फळ्यावर लावलेलं नव्हे. दोन आठवडे रोज नोंद करा: कोणता वर्ग कुठल्या खोलीत झाला, किती वेळ झाला, तबल्यावर कोण होतं, पेटीवर कोण होतं. फळ्यावरचं आणि प्रत्यक्षातलं यांत केवढं अंतर असतं ते बघून बहुतेक जण चकित होतात.

दुसरा कागद: तासांचा हिशोब. सगळ्यांत जास्त गफलत इथे होते, म्हणून आकडेच मांडते. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. राज्याच्या आराखड्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला एका सत्रात २२ क्रेडिट आहेत, दोन वर्षांत ८८. समजा तुम्ही एका सत्रात १० क्रेडिट प्रात्यक्षिकाला दिलीत. त्याचे झाले ३०० तास, आणि १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २० तास. पहिलं आणि दुसरं वर्ष एकाच वेळी चालू असतं, म्हणजे ४० तास. त्यातल्या प्रत्येक तासाला तबला लागत नाही. आलापाची तालीम, रागांची तुलना, पाठांतर ठेक्याशिवाय होतं. पण निम्म्या तासांना जरी लागला तरी आठवड्याला २० तास साथ झाली. तुमच्याकडे पदवीचे वर्ग असतील, वाद्याची तुकडी वेगळी असेल, तर आकडा तिथूनच वर जातो. हा हिशोब न करता "प्रात्यक्षिकाला जास्त क्रेडिट द्या" असा ठराव करणं सोपं असतं. जुलैमध्ये तो ठराव एका साथीदाराच्या मनगटांवर येऊन पडतो.

तिसरा कागद: माणसांची यादी. कायम, करारावरचे, तासिकेवरचे, साथीदार, लिपिक, शिपाई, संशोधक विद्यार्थी, सगळे. प्रत्येकापुढे एकच रकाना: या विभागाचं कोणतं काम या माणसाशिवाय अडतं?

चौथा कागद: नियम. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, तुमच्या विद्यापीठाची परिपत्रकं आणि परीक्षा विभागाच्या सूचना. सगळं वाचून काढायला वेळ लागतो. विभागप्रमुखांना कायद्याने काय करावंच लागतं आणि काय ते दुसऱ्याकडे सोपवू शकतात, एवढं एका पानावर उतरवलं तरी पुरे. कुलसचिव कार्यालयात समजावून सांगणारा एखादा जुना माणूस असतोच, त्याला जाऊन भेटा.

> इशारा: हे चार कागद विभागप्रमुखांनी एकट्याने करू नयेत. दोघांनी करावेत, आणि त्यातला एक साथीदार किंवा तासिकेवरचा शिक्षक असावा. सामूहिक कामाची सवय इथूनच लागते.

## पायरी १: एकच बदल निवडा

अभ्यासक्रम, मूल्यमापन, ओजेटी (कामाच्या ठिकाणचं प्रत्यक्ष प्रशिक्षण), वार्षिक महोत्सव, ग्रंथालय, ध्वनिमुद्रणाची खोली, सगळं एकाच वर्षी हाती घेऊ नका. एक निवडा. निवडताना तीन गोष्टी बघा: तो विभागाच्या अखत्यारीत आहे का, एका सत्रात त्याचा परिणाम दिसेल का, आणि तो फसला तर विद्यार्थ्यांचं न भरून येणारं नुकसान होणार नाही ना.

या तिन्ही कसोट्यांवर मला सगळ्यांत योग्य वाटतो तो प्रात्यक्षिकाच्या अंतर्गत मूल्यमापनातला बदल. सत्रान्त परीक्षा मान्यतेशिवाय बदलता येत नाही. अंतर्गत मूल्यमापनाची पद्धत मात्र बऱ्याच अंशी विभागाच्या हातात असते. शिवाय तो विषय सगळ्यांना भिडतो. कुणाला किती गुण आणि का, यावर मत नसलेला संगीत शिक्षक मी अजून पाहिलेला नाही. पुढच्या पायऱ्यांत मी हेच उदाहरण घेते.

## पायरी २: निर्णयांचा तक्ता लिहा

साऱ्या प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. तिला एक अख्खी बैठक द्या, आणि त्या दिवशी दुसरा विषय घेऊ नका.

आधी गेल्या वर्षभरात विभागात झालेले निर्णय आठवून लिहा. तानपुऱ्याची जवारी (झंकारासाठी घोडी घासून घेणं) कुणाकडून करून घ्यायची, हेही त्यात आलं आणि एम.ए.ला कोणते राग, हेही आलं. तीस-चाळीस निर्णय सहज निघतात. मग प्रत्येकापुढे चारपैकी एक खूण करा.

"एकाने ठरवायचं, बाकीच्यांना कळवायचं." वाद्यांची देखभाल याचं चांगलं उदाहरण. तबल्याची पुडी बदलायची, तारा आणायच्या, पेटीचा भाता दुरुस्त करायचा, याला बैठक कशाला? एका माणसाकडे द्या, खर्चाची मर्यादा ठरवा, डेडस्टॉक रजिस्टर (विभागाच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) त्याच्याच ताब्यात द्या. आमच्याकडे हे काम ज्येष्ठ तबला साथीदारांकडे दिलं आणि वर्षभरात एकही वर्ग वाद्यावाचून अडला नाही.

"एकाने ठरवायचं, पण ठराविक माणसांना विचारून." खोल्यांचं आणि साथीदारांचं वेळापत्रक इथे येतं. एक शिक्षक ते बनवेल, पण साथीदारांना दाखवल्याशिवाय लावणार नाही. कुणाला विचारायचं त्यांची नावंही तक्त्यात लिहा. "सर्वांशी चर्चा करून" असं लिहिलंत की ती चर्चा कुणाशीच होत नाही.

"सर्वांनी मिळून." रागांची यादी, गुणांची विभागणी, वार्षिक कार्यक्रमात कोण गाणार याचे निकष. इथे एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: एकमत झालं नाही तर काय? आमचा नियम असा होता: दोन बैठकांत एकमताचा प्रयत्न, तिसऱ्या बैठकीत हात वर करून बहुमत, आणि ज्याचं मत वेगळं त्याचं ते इतिवृत्तात नोंदवायचं. भांडण सुरू झाल्यावर हा नियम करता येत नाही. तेव्हा प्रत्येक नियम कुणाच्या तरी बाजूचाच वाटतो.

"वाटायचं नाही." ही खूण लोक विसरतात. प्रश्नपत्रिका, बाहेरच्या परीक्षकांची नावं, जाहीर न झालेले गुण, कुणाच्या रजेची किंवा आजारपणाची कागदपत्रं बैठकीत आणायची नाहीत. लैंगिक छळाची तक्रार तर कधीच नाही. संगीतात तालीम अनेकदा बंद खोलीत, एकास एक होते, त्यामुळे हे स्पष्ट लिहिलेलं असणं फार गरजेचं आहे. अशी तक्रार २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जाते. "आधी आपापसात मिटवू" हा सल्ला देण्याचा अधिकार विभागातल्या कुणालाही नाही, विभागप्रमुखांनाही नाही.

सह्यांचा प्रश्न याच बैठकीत निकाली काढा. तक्ता काहीही म्हणो, कागदावर सही विभागप्रमुखांचीच जाणार आणि चौकशी झाली तर उत्तरही त्यांनाच द्यावं लागणार. म्हणून एक वाक्य लिहून घ्या: ज्याच्याकडे निर्णय सोपवला आहे त्याने तो घेतला की विभागप्रमुख सही करतील. नियमात बसत नसेल तर सात दिवसांत लेखी कारण देऊन तो परत पाठवतील. एवढ्या एका वाक्याने आमच्याकडचे निम्मे रुसवेफुगवे संपले. सही अडली की का अडली ते माणसाला कागदावर वाचायला मिळायचं, कुणाच्या चेहऱ्यावरून ताडावं लागायचं नाही.

> तपासून पाहा: तक्त्यातल्या कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवा आणि विभागातल्या तिघांना वेगवेगळं विचारा, "हे कोण ठरवतं?" तिन्ही उत्तरं सारखी आली तर पुढे जा. नाही आली तर तक्ता अजून झालेला नाही.

## पायरी ३: बैठकीला कोण बसणार ते ठरवा

कायम शिक्षकांचीच बैठक म्हणजे विभागाची बैठक, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. त्याने किती नुकसान होतं ते मी एका प्रसंगातून सांगते.

प्रात्यक्षिकाचं अंतर्गत मूल्यमापन मैफिलीच्या स्वरूपात घ्यायचं, असं आमचं ठरत होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने अर्धा तास सलग गायचं: विलंबित, द्रुत आणि शेवटी एखादी उपशास्त्रीय रचना. सगळ्यांना कल्पना आवडली. त्या दिवशी तबला साथीदार पहिल्यांदाच बैठकीला आले होते, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. तासाभरात एक शब्द बोलले नव्हते. मी मुद्दाम विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी मांडीवरची बोटं थांबवली आणि म्हणाले, "मॅडम, बावीस मुलं, अर्धा-अर्धा तास. अकरा तास झाले. दुपारनंतर माझा ठेका ढिला पडेल, आणि गुण मुलांचे जातील."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आम्ही पाच शिक्षक, सगळे गाणारे, आणि हा साधा गुणाकार कुणीही केला नव्हता.

मग तेच पुढे म्हणाले, "आणि यादी आडनावांनी लावू नका, पट्टीने लावा, म्हणजे ज्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर त्याप्रमाणे. काळी एकवाले, काळी दोनवाले एका दिवशी घ्या, काळी चार-पाचवाल्या मुली दुसऱ्या दिवशी. दर मुलामागे तबला बदलायचा, तानपुरे परत लावायचे, यातच तास जातो." शेवटी मूल्यमापन तीन दिवसांत विभागलं, दोन साथीदार घेतले आणि यादी पट्टीनुसार लावली. तिन्ही दिवस वेळेवर संपले.

तेव्हा टेबलाभोवती निदान इतके हवेत:

साथीदारांपैकी एक तरी, आणि तोही फक्त "तुमच्या विषयापुरता" बोलावलेला नको, पूर्णवेळ बसणारा हवा. तासिकेवरच्या शिक्षकांपैकी एक. त्यांचं मानधन तासांवर असतं, बैठकीचे पैसे त्यांना मिळत नाहीत. निदान त्यांचा वर्ग असेल त्याच दिवशी, वर्गाला लागूनच बैठक ठेवा. केवळ बैठकीसाठी त्यांना दुसऱ्या गावाहून यायला लावणं अन्याय आहे. लिपिक दर बैठकीला नकोत, पण शुल्क, परीक्षा अर्ज किंवा निकाल यांना हात लागणार असेल त्या बैठकीला हवेतच. आणि विद्यार्थी दोन: एक गायनाचा, एक वाद्याचा, शक्यतो वेगवेगळ्या वर्षांतले.

> इशारा: विद्यार्थी प्रतिनिधी शिक्षकांनी निवडू नयेत. वर्गात चिठ्ठ्या टाकून निवडू द्या. शिक्षकाने निवडलेला विद्यार्थी बहुतेक वेळा त्याच शिक्षकाचा शिष्य असतो, आणि मग एकाच घरची दोन मतं होतात.

## पायरी ४: गुरू समोर असताना बैठक कशी घ्यायची

नेतृत्वावरची व्यवस्थापनाची पुस्तकं संगीत विभागात इथेच कमी पडतात. आपल्याकडे एका माणसाची दोन नाती असतात. एखादी शिक्षिका घ्या: कागदावर ती सहायक प्राध्यापक असते आणि समोर बसलेले प्राध्यापक तिचे सहकारी असतात. प्रत्यक्षात ते तिचे गुरू असतात. बैठकीआधी ती त्यांच्या पाया पडते, आणि बैठकीत त्यांच्याविरुद्ध बोलणं तिच्या संस्कारात बसत नाही. त्यात काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. ती श्रद्धा नसती तर विद्याच तिच्यापर्यंत पोचली नसती. पण त्या बैठकीतलं एकमत खरं नसतं. ते दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात कळतं.

यावर बरेच उपाय करून पाहिले. जे टिकले ते क्रमाने देते.

१. बैठकीआधी ज्येष्ठांना घरी जाऊन भेटा. ही गोष्ट फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर करायची नाही. त्यांच्यापुढे दोन प्रश्न वेगळे करून मांडा. राग कसा शिकवायचा, बढत कशी करायची, कोणती बंदिश आधी द्यायची, हा गायकीचा प्रश्न. तो त्यांच्या वर्गात त्यांचाच आहे आणि तक्त्यात तसंच लिहिलेलं आहे. खोल्या, तास, गुण, परीक्षा हा विभागाचा प्रश्न. तो सगळ्यांचा. आपल्या गायकीत कुणी हात घालणार नाही याची खात्री पटली की बहुतेक ज्येष्ठ दुसऱ्या बाबतीत फार मोकळे होतात. विरोध बदलाला नसतो. आपलं सगळं काढून घेतील की काय, अशी ती भीती असते.

२. मतं आधी कागदावर घ्या. बैठकीच्या दोन दिवस आधी प्रत्येकाने अर्ध्या पानात आपलं म्हणणं लिहून द्यायचं. ते नावांशिवाय एकत्र टाइप करून सगळ्यांना द्यायचं. लहान विभागात शैलीवरून माणूस ओळखू येतो, हे खरं. तरीही फरक पडतो, कारण बैठकीत त्या मुद्द्यावर बोलणं म्हणजे गुरूंना उलटून बोलणं राहत नाही, कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर बोलणं होतं.

३. सर्वांत नव्या माणसाने आधी बोलायचं, सर्वांत ज्येष्ठांनी शेवटी. हे ज्येष्ठांनाच जाहीर करायला सांगा. त्यांच्या तोंडून आलं की ती आज्ञा होते, आणि मग बोलणंच आज्ञेत बसतं.

४. बैठक ज्येष्ठांच्या तालमीच्या खोलीत घेऊ नका. तिथे शिष्य खाली बसतो, गुरू गादीवर. वर्गखोलीत किंवा ग्रंथालयात, सारख्या खुर्च्यांवर बसा.

५. बैठक विभागप्रमुखांनीच चालवायची, असं नाही. पाळीपाळीने चालवा. चालवणाऱ्याने त्या दिवशी आपलं मत द्यायचं नाही, वेळ आणि क्रम सांभाळायचा. इतिवृत्त दुसऱ्याने लिहायचं आणि ४८ तासांत फिरवायचं. ते महिनाभराने आलं तर त्याला अर्थ नाही.

> तपासून पाहा: गेल्या तीन बैठकांची इतिवृत्तं उघडा. एकाही ठिकाणी वेगळं मत नोंदलेलं नसेल तर समाधान मानू नका. पायरी ४ वर परत या.

## पायरी ५: एका सत्राची चाचणी

ठरलेला बदल एका सत्रापुरता, अंतर्गत मूल्यमापनातच लावा. मूल्यमापनाचं उदाहरण पुढे नेते.

गुणपत्रिकेचा मसुदा तयार झाला की तो लगेच वापरू नका. आधी परीक्षकांची परीक्षा घ्या. जुनी तीन-चार ध्वनिमुद्रणं निवडा, विद्यार्थ्यांची नावं काढून टाका, आणि दोन-तीन शिक्षकांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता ५० पैकी गुण द्यावेत. मग कागद शेजारी शेजारी ठेवा.

आमच्याकडे पहिल्याच ध्वनिमुद्रणात ९ गुणांचा फरक आला. रागशुद्धता, सूर, लय यांत फारसा फरक नव्हता. सगळी तफावत "गायकी – १५ गुण" या एका ओळीत होती. एका शिक्षकांच्या परंपरेत बोलअंगाला (बंदिशीच्या शब्दांनी केलेल्या रागविस्ताराला) वजन, दुसऱ्यांच्या परंपरेत तानेला (वेगवान स्वरमालिकांना). मुलगी बोलअंगाने गायली होती. एकाने तिला १३ दिले, दुसऱ्यांनी ४. दोघंही प्रामाणिक होते. चुकीची होती ती ओळ. ती आम्ही अशी बदलली: "निवडलेल्या अंगाने रागाचा क्रमशः विस्तार", आणि कोणतं अंग निवडलं ते विद्यार्थ्याने आधी सांगायचं. पुढच्या फेरीत फरक चार गुणांवर आला. पाचपेक्षा जास्त फरक आला तर बसून बोलायचं, असं आम्ही ठरवलं. सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही. सरासरीने फरक झाकला जातो, मिटत नाही.

स्वरलेखनाचंही असंच. विद्यार्थी वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. कुणी भातखंडे पद्धतीने लिहितं, कुणी पलुस्कर पद्धतीने. एकाच पद्धतीचा आग्रह धरून घराण्यांचं भांडण ओढवून घेऊ नका. कोणतीही एक पद्धत चालेल, पण संपूर्ण उत्तरपत्रिकेत तीच हवी आणि ती कोणती ते वर लिहायला हवं. एवढा नियम पुरतो.

चाचणीच्या काळात महिन्यातून एकदा, वीसच मिनिटं भेटा. एकच प्रश्न: ठरलं होतं तसं होतंय का, आणि नसेल तर कुठे अडलं? उत्तरं वहीत लिहा. पुढे हीच वही अभ्यास मंडळापुढे तुमचा सगळ्यांत भक्कम पुरावा ठरते.

> इशारा: चाचणी चालू असताना मधेच निकष बदलू नका, कितीही मोह झाला तरी. आधी गायलेल्या आणि नंतर गाणाऱ्या मुलांना वेगळी फूटपट्टी लागली तर ती तक्रार योग्यच असेल.

## पायरी ६: मान्यतेचा प्रवास

क्रम ठरलेला आहे: विभागाची समिती, अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद. जूनमध्ये लागू करायचं असेल तर उलटं मोजत या. विद्यापरिषदेची बैठक कधी, त्याआधी विद्याशाखेची कधी, कागद किती दिवस आधी लागतात, हे दिवाळीपूर्वीच विचारून कॅलेंडरवर लिहा.

मसुद्याबरोबर हे जोडा: जुनं आणि नवं शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता, तासांचा आणि साथीचा हिशोब, चाचणीची वही, आणि वेगळी मतं असलेली इतिवृत्तं. वेगळी मतं लपवू नका. विभागातली नाराजी मंडळाच्या सदस्यांना बाहेरून कळली तर सगळा मसुदाच संशयास्पद होतो.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, जुन्या अभ्यासक्रमाचे राहिलेले विद्यार्थी. ज्याचा एक पेपर राहिला आहे त्याची परीक्षा कोणत्या रागांवर, किती वेळा आणि कधीपर्यंत होणार, हे मसुद्यातच लिहा. दुसरी, संलग्न महाविद्यालयं. तुमचा बदल त्यांनाही लागू होणार असेल तर त्यांच्याकडे दोन साथीदार आहेत का, हे आधी विचारा. विद्यापीठात बसून ठरवलेली गोष्ट तालुक्याच्या गावी एका खोलीत, एका पेटीवर चालवायची असते.

ओजेटीची चार क्रेडिट असतील तर मुलांना कुठे पाठवणार हे नुसतं "मान्यताप्राप्त संस्था" असं लिहून भागत नाही. ध्वनिमुद्रण स्टुडिओ, आकाशवाणी केंद्र, संगीत विद्यालय, संगीत महोत्सवाचं आयोजन करणारं मंडळ यांच्याशी आधी बोला, किती मुलं घेऊ शकतात ते लेखी घ्या, आणि हा संपर्क एका शिक्षकाच्या ओळखीवर ठेवू नका. ते निवृत्त झाले की जागाही जाते.

## पायरी ७: विभागप्रमुख बदलताना

बहुतेक चांगले बदल इथे मरतात. नवे प्रमुख येतात, जुना तक्ता कपाटात जातो, आणि "आता नव्याने बघू" म्हणत सगळं मूळ पदावर येतं.

पद बदलण्याच्या निदान दोन महिने आधी भावी प्रमुखांना बैठका चालवायला द्या. हस्तांतराच्या दिवशी एक फाइल द्या. तिच्यात असावं: निर्णयांचा चालू तक्ता, सही परत पाठवण्याचा नियम, गेल्या वर्षीची इतिवृत्तं, साथीदारांचं खरं वेळापत्रक, ओजेटीचे संपर्क आणि मान्यतेच्या तारखांचं कॅलेंडर. डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे वाद्यं प्रत्यक्ष मोजून, दोघांच्या सह्यांनी ताब्यात द्या. हे मोजायला ज्येष्ठ साथीदारांना सोबत घ्या. कोणत्या तानपुऱ्याचा भोपळा तडकलेला आहे हे रजिस्टरमध्ये नसतं, ते त्यांना माहीत असतं.

नव्या प्रमुखांनी पहिल्या महिन्यात तक्ता बदलू नये. सत्र संपल्यावर, सगळ्यांसमोर, एकेक ओळ वाचून हवा तो बदल करावा. त्या बैठकीची तारीख हस्तांतराच्या दिवशीच ठरवून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.